ऑनलाइन लिलावात काही घेतलंय का? अनुभव लिहा

खाडीकाठ
रविवारच्या पेपरात बँकांच्या ई-लिलावाच्या (कर्ज थकलेल्यांची घरं बँक ऑनलाइन विकते ते) जाहिरातींनी पान भरलं होतं. ते बघून आम्ही असाच डोंबिवलीचा फ्लॅट घेतला तेव्हाचे दिवस आठवले, म्हणून धागा काढतेय.

आमचे काकासासरे बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी बजावलं होतं, घर बघण्याआधी नोटीस वाचायची, आणि तीही शेवटच्या बारीक अक्षरांपर्यंत. आम्हाला आधी आवडलेल्या फ्लॅटच्या नोटिशीत 'सांकेतिक ताबा' असं होतं. काका म्हणाले, हा सोडा. कर्जदार अजून आत राहतोय, बँकेकडे नुसता कागदावरचा ताबा आहे. प्रत्यक्ष ताब्यासाठी सर्फेसी कायद्याच्या (थकीत कर्जासाठी बँकेला तारण विकू देणारा कायदा) कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जावं लागतं, आणि तोवर तुमचे पैसे अडकतात. मला इतकं वाईट वाटलं होतं! स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी होती त्या घराला.

दुसरा फ्लॅट प्रत्यक्ष ताब्यातला होता. नोटिशीत 'जसे आहे, जिथे आहे' लिहिलं होतं, म्हणजे जुनी थकबाकी निघाली तर ती आपल्या गळ्यात. म्हणून बोलीआधीच सोसायटीच्या सेक्रेटरींकडून मेंटेनन्सच्या थकबाकीचा आकडा लेखी घेतला, महापालिकेत मालमत्ता कर बघितला, वीजबिल तपासलं. ती सगळी रक्कम आमच्या कमाल आकड्यातून वजा केली आणि उरला तो आकडा कागदावर लिहून फ्रिजला चिकटवला. शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की वेळ आणखी पाच मिनिटांनी वाढत होती. समोरचा कुणीतरी दम धरून होता. ह्यांचा हात शिवशिवत होता, पण आकडा ओलांडायचा नाही हे ठरलेलं होतं. त्याच्या थोडं खालीच मिळाला.

पैशांचं आधी बघा. ईएमडी, म्हणजे बोलीआधी भरायची अनामत, राखीव किमतीच्या (बोली जिच्या खाली जात नाही ती) १० टक्के. बोली लागली की त्याच दिवशी किंवा पुढच्या कामाच्या दिवशी ती धरून २५ टक्के भरायचे, उरलेले ७५ टक्के १५ दिवसांत. मुदत वाढवून मिळू शकते, पण त्या भरवशावर राहू नका. चुकलात तर भरलेले पैसे जप्त. आम्ही कर्ज आधीच मंजूर करून ठेवलं होतं.

तुमचे अनुभव येऊ द्या. घरच असं नाही, काहीही.

पिंपळपान
मस्त धागा ताई. कुकर लावलाय, येतेच.

शिवराईवेडा
मी नाण्यांच्या लिलावात असतो. बाझी डॉट कॉम या लिलावाच्या साइटपासूनचा माणूस, ते २००४ मध्ये ईबेने घेतलं आणि ईबेचं भारतातलं दुकान २०१८ मध्ये बंद झालं. शिवराई घेताना मी तीन गोष्टी मागतो: वजन, दोन्ही बाजूंचे फोटो आणि कडेचा फोटो. कड फार महत्त्वाची! साच्यात ओतलेल्या नकलीला कडेवर जोडाची रेघ दिसते, खरी शिवराई ठोकून पाडलेली असते. 'श्री राजा शिव' किती ठळक आहे हे लोक बघतात आणि कड विसरतात. कडेचा फोटो द्यायला जो विक्रेता कुरकुरतो त्याच्याकडे मी बोली लावत नाही. 'नाणं बनावट निघालं तर परत घेऊ' हे अटींमध्ये स्पष्ट लिहिलेलं हवं, फोनवर सांगितलेलं चालत नाही.

आणि लिलावगृहात बोलीवर प्रीमियम (लिलावगृहाचं कमिशन) आणि जीएसटी चढतो. बोली लावताना तो धरूनच आकडा ठरवायचा.

वऱ्हाडी_ठेचा
वरच्या खर्चावरून आठवलं, आमच्या रघुजी भोसल्यांची तलवार! एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून राज्य सरकारने घेतली ना. ४७.१५ लाखांचा जो आकडा सांगितला तो हाताळणी, वाहतूक, विमा धरून होता. नागपुरात त्या दिवशी आमच्या ग्रुपवर दुसरा विषयच नव्हता. माझ्या बाबांचे डोळे भरून आले होते.

शिवराईवेडा
@वऱ्हाडी_ठेचा माझेही. बाबांना नमस्कार सांगा.

चाफा७८
नाण्यांचा विषय निघालाय म्हणून. शेजारच्या आजोबांना फोन आला, ट्रॅक्टरवाली ५ रुपयांची नोट लाखोंना जाते, फक्त आधी नोंदणी फी भरा. आजोबा देवघरातल्या डब्यातून नोटा काढून बसले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्वतः सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आम्ही नाही, आणि आमच्या नावाने कुणी फी, कमिशन, कर मागितला तर देऊ नका. ते त्यांना वाचून दाखवलं. विकणाऱ्याकडूनच आधी पैसे मागतात तिथे फोन ठेवून द्यायचा.

पिंपळपान
आले. आजोबांचं वाचून जीव कळवळला. वाचले ना पैसे?

चाफा७८
हो हो, एक रुपया नाही गेला. आता तेच कट्ट्यावर सगळ्यांना सावध करतात 😊

एडिसनकर
न्यू जर्सीतून. मुलीसाठी ईबेवर पेटी घेतली. वर्णनात 'सगळ्या पट्ट्या वाजतात' एवढंच. मी विचारलं, भाता धरून एकेक सूर वाजवल्याचा व्हिडिओ पाठवाल का? बाईंनी दुसऱ्या दिवशी पाठवला, वरच्या सप्तकातले दोन सूर दबलेले. त्यांनी लगेच वर्णन बदललं, मी त्या हिशोबाने माझा कमाल आकडा टाकला. तिथे आपला कमाल आकडा एकदाच द्यायचा, समोरच्याच्या बोलीपुरताच तो पुढे सरकतो, त्यामुळे रात्रभर जागायला लागत नाही. वर्णनाबरहुकूम नसेल तर मिळाल्यापासून ३० दिवसांत तक्रार करता येते, पण वर्णनातच दोष लिहिला असेल तर त्यावर तक्रार चालत नाही. म्हणून प्रश्न बोलीआधी. आता लेक भूप वाजवते, ऐकवेन कधीतरी.

खाडीकाठ
@एडिसनकर नक्की ऐकवा! दबलेले सूर इथे आल्यावर करून घ्या, दादरला पेटीवाले आहेत.

काळा_कोट
कोर्टातून लिहितोय, थोडक्यात. बोली लागली म्हणजे संपलं असं समजू नका. कर्जदार बँकेच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाऊ शकतो. त्यामुळे काही खटला चालू आहे का हे बँकेला लेखी विचारा. पण खरेदीदाराच्या बाजूनेही निकाल आहे. सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स, सर्वोच्च न्यायालय, सप्टेंबर २०२३. लिलावात सेलिरची १०५.०५ कोटींची बोली लागली होती, नंतर कर्जदार बाफनाने १२९ कोटी देऊ केले आणि मुंबई उच्च न्यायालयाने ते मान्य केलं. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं: लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की मालमत्ता सोडवून घेण्याचा कर्जदाराचा हक्क संपतो. नियम स्पष्ट असला की प्रामाणिक खरेदीदाराला असा आधार मिळतो. ५० लाख किंवा वर किंमत असेल तर १ टक्का टीडीएस (किमतीतून कापून सरकारकडे भरायचा कर) विसरू नका.

पिंपळपान
@खाडीकाठ ताई डोंबिवलीत कुठल्या बाजूला? आमचा भाऊ पूर्वेला बघतोय. पाणी नीट येतं का?

खाडीकाठ
आम्ही पश्चिमेला. पाणी सकाळी येतं, टाकी मोठी आहे. पूर्वेचं वहिनींना विचारून सांगते.

नवीन_सभासद
भीतभीत विचारतो, बोली नाही लागली तर ईएमडी परत मिळते का?

खाडीकाठ
मिळते, व्याजाशिवाय. परताव्यासाठी दिलेला खातेक्रमांक आणि आयएफएससी दोनदा तपासा. आणि नोटिशीत ज्या अधिकाऱ्याचा नंबर असतो त्यांना आधी फोन करून फ्लॅट आतून बघायची तारीख घ्या. बाहेरून बघून बोली लावू नका हो.