मदत हवी आहे: १९८९ फोर्ड एफ-२५०, ७.३ लिटर आयडीआय (इनडायरेक्ट इंजेक्शन) डिझेल, बाहेरचा टर्बो

मंडळी, इंजिन मुळात बिनटर्बोचं, कॉम्प्रेशन २१.५:१, डिझेलचा इंजेक्शन पंप स्टॅनाडाइन डीबी२. हेड बोल्ट कंपनीचेच राहणार, म्हणून बूस्ट, म्हणजे टर्बोनं ढकललेल्या हवेचा दाब, १० पीएसआयच्या आत. एक्झॉस्टच्या तापमानाचा प्रोब टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये. चढावर लोड असताना ६७५ अंश सेल्सिअसला पाय काढायचा. तापमानाच्या गेजशिवाय पंपाला हात लावणं म्हणजे पिस्टन वितळवायला बसणं.

अडचण सीडीआर व्हॉल्व्हची, म्हणजे क्रँककेसमधला वायू परत इनटेकमध्ये सोडणाऱ्या व्हॉल्व्हची. तो आता इनटेक मॅनिफोल्डला जोडलेला आहे. तिथे बूस्ट आला की हवा उलटी क्रँककेसमध्ये शिरून सील ऑइल सोडतील. त्यामुळे तो एअर फिल्टर आणि कॉम्प्रेसरच्या मधल्या पाइपवर न्यावा लागणार. त्या पाइपला बंग (जोडणीचं धातूचं तोंड) वेल्ड करताय की रबरी टी पुरतो?

टर्बोची ऑइल रिटर्न उतारावर, ऑइलच्या पातळीच्या वर उतरवणार. ती तुंबली तर टर्बाइनच्या बाजूनं निळा धूर ठरलेलाच.

डीबी२ चा फ्युएल स्क्रू आधी एकच फ्लॅट, म्हणजे एक षष्ठांश फेरा, फिरवायचा विचार आहे. १० पीएसआयला तुमचे किती फ्लॅट झाले? पंपाचं टायमिंगही हलवलंत का? आकडे तापमानासकट द्या.