बुकप्लेटला मराठीत काय म्हणायचं?

कासारघाट: एका प्रदर्शनाच्या माहितीपत्रकाचं भाषांतर करतेय. जर्मन चित्रकार ड्यूररने न्यूरेंबर्गच्या विलिबाल्ड पिर्कहाइमर या विद्वान मित्रासाठी लाकडी ठशावरून छापलेली, पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या आत डकवायची मालकाच्या नावाची चिठ्ठी. इंग्रजीत बुकप्लेट. मी 'ग्रंथमुद्रा' लिहिलं, तर संपादक म्हणतात मुद्रा म्हणजे शिक्का. मग काय लिहू?

बोरूबहाद्दर: संपादकांचं बरोबर आहे. शिक्का उमटतो, ही चिकटते. 'स्वामित्वपत्रिका' घ्या.

खारीक: अगदी सातबाराचा उतारा! शाळेत वह्यांना लावायचो ते काय होतं? नाव, इयत्ता, तुकडी. लेबल!

बोरूबहाद्दर: लेबल मराठी नाही.

खारीक: पुस्तक तरी कुठलं? मुळात इराणी 'पोस्त', म्हणजे कातडं, असं बरेच अभ्यासक मानतात. तुमची पोथीसुद्धा त्याच घरातली.

जुना ग्रंथपाल: आमच्याकडे देणगीच्या पुस्तकांत 'यांच्या स्मरणार्थ' असा छापील कागद लावत. आम्ही म्हणायचो देणगीपट्टी. खळ मीच शिजवायचो, मोरचूद घालून. एका वर्षी मोरचूद राहिला. पावसाळ्यानंतर बघतो तर कसरीने दात्याचं नाव तेवढं खाल्लेलं, 'स्मरणार्थ' शाबूत!

पोथीनिष्ठ: आपल्याकडे चिकटवाचिकटवी नव्हतीच. पोथीच्या शेवटी 'इदं पुस्तकं अमुक इत्युपनामक…' असं लिहून ठेवत. 'पुष्पिका' का नको?

बोरूबहाद्दर: पुष्पिका लेखनाची नोंद असते हो. पोथी पुढे दहा जणांच्या घरी फिरली तरी पुष्पिका तीच.

पोथीनिष्ठ: आणि शेजारी दटावणी: 'मूर्खहस्ते न दातव्यम्'. पुस्तकच बोलतंय असा श्लोक.

कासारघाट: पिर्कहाइमरचं बरोबर उलट! त्याच्या चिठ्ठीवर लॅटिनमध्ये 'सिबी एत अमिकिस' आहे, स्वतःसाठी नि मित्रांसाठी.

खारीक: त्याचे मित्र परत करत असतील. माझा एक शब्दकोश आठ वर्षं मित्राकडे आहे. परवा त्याच्या घरी पाहिला, वर त्याच्या मुलीचं नाव, खाली मांजराचं चित्र.

जुना ग्रंथपाल: परहस्तगतं गतम्.

पोथीनिष्ठ: काका, त्या श्लोकात पुस्तकाच्या जोडीला वनिता आणि वित्तही आहे, जपून.

कासारघाट: अहो, मला उद्या मजकूर द्यायचाय! तूर्त 'ग्रंथचिठ्ठी' लिहून पाठवते.

बोरूबहाद्दर: ग्रंथ संस्कृत, चिठ्ठी हिंदीकडची. धेडगुजरी समास.

खारीक: तुम्ही रेल्वेगाडीत बसता ना?