एडीएचडीचा संशय, एमआरआय 'नॉर्मल': पालकांना काय सांगायचं?

रंकाळाकाठ: शाळेतून 'एका जागी बसत नाही' अशी तक्रार आली की काही पालक थेट कोल्हापुरात राजारामपुरीत मेंदूचा एमआरआय काढून मोकळे होतात. रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा) नाही, असं धरून विषय मिटवतात. मग एडीएचडीत मेंदूचे भाग लहान असतात म्हणणारं संशोधन खोटं का?

करडापदर: संशोधन खरं, पण ते सरासरीचं. २०१७ च्या एनिग्मा या मेंदूच्या स्कॅनच्या मोठ्या अभ्यासात एडीएचडी असलेले १७१३ आणि नसलेले १५२९ जण होते. अमिग्डाला, अ‍ॅक्युम्बन्स, पुटामेन, कॉडेट, हिप्पोकॅम्पस हे मेंदूच्या आतले भाग एडीएचडी असलेल्यांत थोडे लहान निघाले. यातला सगळ्यात मोठा फरक अमिग्डालातला, तोही ०.१९ प्रमाण विचलन. उंचीत बोलायचं तर दोन वर्गांच्या सरासरीत जेमतेम सेंटीमीटरभर फरक. त्यावरून समोरचं पोरगं कुठल्या वर्गातलं, सांगा बघू! प्रौढांत तर हा फरक ठळक दिसलाच नाही. शिवाय रेडिओलॉजिस्ट गाठ, जुना व्रण, रक्तस्राव बघतात. अमिग्डाला मोजत बसत नाहीत.

टीवनचित्र: दोन गोष्टींची भर. २००७ च्या अमेरिकी अभ्यासात मेंदूच्या सालीची (बाहेरच्या करड्या थराची) जाडी कळसाला पोचण्याचं मध्यक वय इतर मुलांत ७.५ वर्षं, एडीएचडीत १०.५ आलं. क्रम तोच, चाल सावकाश. उशीर सर्वाधिक कपाळामागच्या भागात.

दुसरी हालचालीची. पोर किंचित हललं तरी करड्या-पांढऱ्या भागाची कड पुसट होते आणि सॉफ्टवेअर साल पातळ मोजतं. एडीएचडीची मुलं जास्त हलतात, त्यामुळे दिसलेल्या फरकातला काही भाग मोजमापातला दोषही असू शकतो. भूल देऊन स्थिर करायचं तर ६ तास अन्न बंद, २ तास पाणी बंद. एवढा खटाटोप सबळ कारण असेल तरच.

बालविकास_ओपीडी: निदान वागण्यावरून होतं. अवधान कमी असल्याची ९ लक्षणं, चंचलतेची ९; कुठल्याही एका यादीतली किमान ६, सहा महिने टिकलेली, त्यातली निदान काही १२ वर्षांच्या आत सुरू झालेली, आणि घर व शाळा अशा दोन ठिकाणी अडचण करणारी. १७ पासून पुढे ५ पुरतात. व्हँडरबिल्ट फॉर्म (या लक्षणांची प्रश्नावली) पालकांनी वेगळा, वर्गशिक्षकांनी वेगळा भरायचा. एकमेकांचं बघून भरला की कागद वाया. डोळे, कान आणि झोप आधी तपासा. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथून सुरुवात करता येते.

मधेच काही सेकंद टक लावून थांबतो, हाक ऐकत नाही, लगेच पूर्ववत होतो? ती फिट असू शकते; मग आधी ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी), तीन मिनिटं जोरात श्वास घ्यायला लावून. एमआरआय लागतो तो एका अंगाच्या फिट, एका बाजूची कमजोरी, शिकलेलं विसरत जाणं किंवा पहाटेच्या डोकेदुखीसोबत उलटी असेल तेव्हा.

रंकाळाकाठ: आणि रिपोर्टात 'लहान अरॅक्नॉइड सिस्ट' (मेंदूच्या आवरणातली पाण्याची पिशवी) आली तर?

करडापदर: बहुतेकदा योगायोगानं सापडलेली, चंचलतेशी संबंध नसलेली. न्यूरोलॉजिस्टला एकदा दाखवा, पण फॉर्म भरायचं त्यापायी थांबवू नका.