फवारणीचे कपडे बायकोनं धुतले, म्हणून लेकराला ऑटिझम झाला का?

पऱ्हाटीवाला, घाटंजी

नमस्कार. घाटंजी तालुक्यात साडेचार एकर कोरडवाहू वावर आहे, पऱ्हाटी आणि मधात तुरीच्या ओळी. मुलगा पावणेपाच वर्षांचा. नावानं हाक मारली तर वळून पाहत नाही, पण एसटी फाट्यावर असतानाच तिचा आवाज ओळखतो. तुरीच्या शेंगा अंगणात एका रेषेत लावतो आणि कोणी एक जरी सरकवली तर तासभर रडतो. गेल्या महिन्यात नागपूरच्या एका दवाखान्यात ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, सांगितला. दहा मिनिटांत कागद हातात आला. काहून झालं, हे विचारायच्या आत पुढचा नंबर पुकारला.

घरी प्रत्येकाजवळ कारण तयार आहे. माय म्हणते, २१ जून २०२० च्या ग्रहणात सुनेनं भाजी चिरली. शेजारी म्हणतात मोबाइल. मेहुणा म्हणतो लसीचा डोज. आता अमेरिकेतून बातमी आली, की गरोदरपणी पॅरासिटामॉल घेतलं तर ऑटिझम होतो. बायकोला तेव्हा ताप आला होता आणि आशाताईनं त्याच गोळ्या दिल्या होत्या. सगळ्यांचं बोट तिच्याकडं.

माझ्या मनात दुसरंच आहे. त्या पावसाळ्यात मी पाठीवरच्या पंपानं प्रोफेनो आणि मोनो ही कीटकनाशकं मारत होतो. संध्याकाळी ओले कपडे घरी यायचे आणि ती हातपंपावर हातानं धुवायची. तिला चौथा-पाचवा महिना होता. २०१७ ला आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली, तरी मी तोंडाला दुपट्ट्याशिवाय काही बांधत नव्हतो. हे मी तिला अजून बोललो नाही. रात्री ते कपडे डोळ्यापुढं येतात.

आणखी दोन गोष्टी. ती माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. आणि माझ्या मोठेबाबांना विसाव्या वर्षापासून कानात आवाज येतात, स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या चालू आहेत. आता तिला पुन्हा दिवस गेलेत, तिसरा महिना आहे. एका ठिकाणचे संशोधनवाले आम्हा तिघांचं रक्त मागतात. द्यावं का? त्यातून माझ्या प्रश्नाचं उत्तर निघेल का?

सेलूची आई

दादा, माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. मला सासरी सांगितलं होतं, तू त्याला जवळ घेतलं नाहीस म्हणून तो असा झाला. मी दोन वर्षं त्याला खाली ठेवला नाही. पाठीशी बांधून निंदण केलं. तरी तो बोलला नाही, आणि मी स्वतःला खात राहिले.

पुढं वाचलं तेव्हा कळलं की हाच आरोप मोठ्या शिकलेल्या लोकांनी केला होता. लिओ कॅनर या डॉक्टरनं १९४३ मध्ये अमेरिकेत अकरा मुलांबद्दल लिहून ऑटिझमला वेगळी ओळख दिली. पुढची वीसेक वर्षं आयांच्या मायेला दोष देण्यात गेली, आई थंड म्हणून मूल असं. तो दोष खोडून काढला एका बापानं. बर्नार्ड रिमलंड नौदलात मानसशास्त्रज्ञ होता, त्याच्या स्वतःच्या मुलाला ऑटिझम होता. त्यानं सापडेल ते सगळं वाचून काढलं आणि १९६४ च्या पुस्तकात दाखवलं की मूळ शरीरात, मेंदूत आहे. म्हणून सांगते, घरात तुम्ही बोला. तिनं नाही, तुम्ही.

कारण सापडायची वाट पाहत बसू नका. अंगणवाडीत शाळा-आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्यांच्याकडून जिल्हा रुग्णालयातल्या लहान मुलांच्या लवकर निदान केंद्राची चिठ्ठी घ्या. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे, तेव्हा प्रमाणपत्र काढा. त्यावर सरकारच्या निरामय या आरोग्य विम्याचं एक लाखापर्यंतचं कवच मिळतं. माझा मुलगा बोलायला शिकला तो ज्वारीचे दाणे मोजता मोजता. तुमच्याकडं शेंगा आहेतच. रेषेत तो एक ठेवेल, मग तुम्ही एक ठेवा.

चिमूरकडची, सध्या प्रयोगशाळेत

भाऊ, मी कापसाच्याच घरची. आता जनुकांच्या प्रयोगशाळेत काम करते, तुमच्यासारख्या कुटुंबांच्या रक्ताच्या नळ्या रोज माझ्या हातून जातात.

फवारणीचं आधी सांगते. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठातल्या गटानं २०१४ मध्ये एक अभ्यास छापला. गरोदरपणी आई जिथं राहत होती तिथून जवळच्या शेतांत कोणती औषधं मारली गेली, याची सरकारी नोंद त्यांनी तपासली. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं जवळ मारली गेली तिथं ऑटिझमची शक्यता सुमारे ६० टक्क्यांनी जास्त दिसली. तुमचं प्रोफेनो आणि मोनो याच गटातलं. आकड्यानं छातीत धस्स होईल, पण तो उलगडून पाहा. एरवी शंभरात एक मूल धरलं, तर ६० टक्के वाढ म्हणजे शंभरात दीडाच्या थोडं वर. शेताला लागून राहिलेल्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव आयांच्या मुलांना ऑटिझम नसतो. असा अभ्यास शेकडो घरांबद्दल मिळून बोलतो. एका लेकराकडं पाहून 'हे त्या कपड्यांनी झालं' असं सांगणारी तपासणी जगात कुठंच नाही. त्यामुळं रात्री स्वतःवर जो खटला चालवता, त्याचा निकाल कोणत्याही कागदावर यायचा नाही.

मात्र आता तिसरा महिना आहे, इथं ढिलाई नको. फवारणीचे कपडे वावरातच बदला, वेगळ्या बादलीत तुम्हीच साबणानं धुवा, घरच्या कपड्यांत मिसळू नका. अंघोळ झाल्याशिवाय तिच्याजवळ, मुलाजवळ जाऊ नका. फवारलेल्या वावरात तिला वेचणीला, निंदणाला पाठवू नका. पंप आणि रिकाम्या बाटल्या पाण्याच्या हंड्याजवळ ठेवू नका.

तिच्यावरचे आरोप. पॅरासिटामॉल: स्वीडनमध्ये सुमारे २५ लाख मुलांचा अभ्यास २०२४ मध्ये छापला गेला. एकाच आईच्या दोन मुलांची तुलना केली, एकाच्या वेळी गोळी घेतली आणि दुसऱ्याच्या वेळी नाही, तेव्हा ऑटिझमशी संबंध उरला नाही. डोज: ती गोष्ट १९९८ च्या, अवघ्या बारा मुलांवरच्या लेखातून निघाली, आणि ज्या नियतकालिकानं तो छापला त्यानंच २०१० मध्ये तो मागं घेतला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांवर मुलं तपासली, संबंध सापडला नाही. उलट गरोदरपणी आईला रुबेला झाला तर बाळाला ऑटिझमचा धोका वाढतो, हे १९६४ च्या अमेरिकेतल्या साथीनंतर दिसलं. गोवर-रुबेलाचा डोज तोच रुबेला अडवतो, मेहुण्याला हे नक्की सांगा. मेंदूतला फरक बहुधा पोटातच सुरू होतो, मोबाइल हातात येण्याच्या कितीतरी आधी. ग्रहणाचा काही संबंध नाही.

आता रक्ताकडं येते. आपल्याकडं सिकलसेल सगळ्यांना माहीत आहे. एकच जनुक, त्यात एका अक्षराची चूक, आईबाप दोघं एएस, म्हणजे नुसते वाहक, असले तर दर गरोदरपणी मूल एसएस, म्हणजे आजारी, व्हायची शक्यता चारात एक. ऑटिझमचा हिशेब असा सोपा असता तर तुमच्या कागदावर दहा मिनिटांत कारणही आलं असतं. १९७७ मध्ये फोलस्टाइन आणि रटर यांनी ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या २१ जोड्या पाहिल्या. हुबेहूब जुळ्यांच्या अकरा जोड्यांपैकी चारांत दोघांनाही ऑटिझम होता, वेगळ्या जुळ्यांच्या दहापैकी एकाही जोडीत नाही. एवढ्याशा अभ्यासानं संशोधनाची दिशा फिरली. २०१९ मध्ये पाच देशांतल्या वीस लाखांवर मुलांच्या नोंदींवरून आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ८० टक्के निघाला, तोही एकेका मुलाचा नाही, सगळ्या लोकांमधल्या फरकाचा. २०२० मध्ये ३५,५८४ जणांची जनुकं वाचून ऑटिझमशी जोडलेली १०२ जनुकं मिळाली. त्याशिवाय हजारो बारीक फरक आहेत, प्रत्येकाचा भार चिमूटभर.

त्या बारीक फरकांतले बरेच मानसिक आजारांतही भेटतात. २०१३ च्या एका मोठ्या अभ्यासात ऑटिझम, स्किझोफ्रेनिया, नैराश्य, बायपोलर (कधी अतिउत्साह, कधी नैराश्य) आणि एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) यांच्यात काही जनुकीय धागे सामाईक निघाले. त्यामुळं मोठेबाबांची माहिती कामाची आहे, ती लपवू नका. त्यांचा आजार मुलात उतरला, असा अर्थ मात्र काढू नका. मामाच्या मुलीशी लग्न हेही स्पष्ट सांगा. दोघांकडं एकच दबलेली चूक असली तर ती मुलात जोडीनं येऊ शकते.

तिघांचं रक्त कशाला? प्रत्येक लेकरात साठ-सत्तर बदल अगदी नवे असतात, आईतही नसतात, बापातही नसतात. तिन्ही नळ्या शेजारी ठेवल्या तरच ते ओळखू येतात. आजवरचा बहुतेक जनुकीय साठा युरोपी वंशाच्या लोकांचा आहे. माझ्या हातात आपल्याकडची नळी येते तेव्हा तिची तुलना करायला जवळचं फार थोडं असतं, आणि मला हे मनापासून डाचतं. म्हणून तुम्ही द्यावं असं मला वाटतं. पण संमतीपत्र मराठीत मागा, वाचून घ्या, प्रत घरी आणा. नाही म्हणालात तरी मुलाचे उपचार थांबवता येत नाहीत, आणि हो म्हणून नंतर माघार घ्यायचाही हक्क आहे. निकाल तुम्हाला कळवणार का, हे आधीच विचारा. बहुतेक घरांना नेमकं कारण मिळत नाही, थोड्यांना मिळतं.

दुसऱ्या बाळासाठी संशोधनाची वाट पाहू नका. उपचार म्हणून होणारी तपासणी वेगळी असते. जनुकांच्या दोन तपासण्या, फ्रॅजाइल एक्स आणि मायक्रोअ‍ॅरे मुलावर लवकर करता येतील का, हे जनुकीय सल्लागाराला याच आठवड्यात विचारा. एका मुलाला ऑटिझम असेल तर पुढच्या भावंडाला असण्याची शक्यता साधारण पाचात एक, म्हणजे पाचातल्या चौघांना नाही.

पऱ्हाटीवाला, घाटंजी

ताई, दोघींचं दोनदा वाचलं. काल रात्री कपड्यांचं तिला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मले वाटे का माया तापानंच झालं, म्हनून मी तुमाले काई बोलली नाई." पाच वर्षं एका घरात दोघं आपापलं घेऊन बसलो होतो. स्वीडनचं वाचून दाखवलं. मायलाही सांगितलं की ग्रहणाचं नाव आता घरात काढू नको.

आज बोंडावरची शेवटची फवारणी होती. कपडे विहिरीवरच धुतले, तारेच्या कुंपणावर वाळत घातले. मंगळवारी नागपूरला जातो, सल्लागाराकडं आणि रक्त द्यायलाही. अंगणात एक शेंग मी ठेवून पाहिली. त्यानं उचलून फेकली. दुसरी ठेवली, ती राहू दिली.

एक राहिलं. मोठेबाबा म्हणतात, माझंही रक्त घ्या. त्यांचं चालते का?

चिमूरकडची, सध्या प्रयोगशाळेत

संशोधनवाल्यांच्या आराखड्यात नातेवाईक बसत असतील तर चालेल, फोन करून विचारून घ्या. संमती मोठेबाबांची स्वतःची हवी, तुमची नाही. शांतपणे, दोन वेळा समजावून सांगा. गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या, आणि त्या दिवशीची गोळी चुकवू नका.