बाबा समोर बसलेत, तरी सगळे मलाच विचारतात

आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. बाबा 71चे, पण हिशेब अजून तोंडपाठ. परवा हेल्थ पॉलिसीचं विचारायला गेलो तर काउंटरवरचा मुलगा माझ्याकडेच बघून म्हणे, अंकलजींचं वय झालंय हो, आता नाही मिळणार, आणि निघताना वर बाबांच्या पाया पडला! बाबा घरी येऊन पोहेसुद्धा न खाता पडून राहिले. ह्याला आदर म्हणायचं का?

उत्तर १
आधी पॉलिसीचं बघा. नवीन घ्यायला 65ची जी अट असायची ती विमा नियामकाने एप्रिल 2024पासून काढलीय, सगळ्या वयांसाठी योजना ठेवा असं कंपन्यांना सांगितलंय. प्रीमियम मात्र दणदणीत, आणि तब्येत बघून नाही म्हणू शकतात. नकार लेखी मागा.

उत्तर २
राज्यघटनेच्या कलम 15 मध्ये कशावरून भेदभाव करायचा नाही ते दिलंय, त्यात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान आहे, वय नाहीये. 2007चा ज्येष्ठांचा कायदा आहे, पण तो मुख्यतः पोटगीचा, काउंटरवर बोलायचं कसं हे त्यात कुठून येणार.

उत्तर ३
दुसऱ्यांना काय बोलायचं, मीच आईच्या फोनमधून यूपीआय काढून टाकलं, फ्रॉड होईल म्हणून, आणि तिला विचारलंसुद्धा नाही. आता भाजीला पैसे माझ्याकडे मागते. लाज वाटते खरंच.

उत्तर ४
मी 74ची, ग्वाल्हेरची. पाया नका पडू, जरा मोठ्याने बोला, डावा कान गेलाय. बाकी डोकं शाबूत आहे.

मूळ प्रश्नकर्ता
आजी 🙏 उद्या परत जातोय, बोलणार बाबाच. मी बाहेर चहा घेत बसेन.