प्रतिसाद: क्यूवरचे पॉइंट्स नुसती नक्षी नव्हे
वर कोणीतरी लिहिलंय की क्यूवरचे, म्हणजे पूल-बिलियर्ड्सच्या काठीवरचे, टोकदार पॉइंट्स (दांड्यात बसवलेली वेगळ्या लाकडाची निमुळती टोकं) म्हणजे नुसती सजावट. तसं नाहीये हो. जुन्या पद्धतीत मेपलच्या दांड्यात व्ही आकाराच्या खाचा पाडून त्यात एबनी नाहीतर रोझवूडसारखं गडद लाकूड चिकटवतात, मधे रंगीत व्हेनिअरच्या पातळ पट्ट्या, आणि मग लेथवर थोडं थोडं उतरवत नेलं की टोक सुईसारखं निघतं. सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कोरायच्या मशीनवर) कोरून बसवलेलं टोक कटरच्या गोलाईमुळे जरा बोथट राहतं, भिंग लावून बघाच. बालाबुश्का या नामी अमेरिकन कारागिराच्या सुरुवातीच्या क्यू तर ब्रन्सविक कंपनीच्या टायटलिस्ट क्यूचा तयार सांधलेला दांडा घेऊन बनवलेल्या, मला त्याच सगळ्यात देखण्या वाटतात. आणि फोंड्याचे जे क्यू घ्यायची म्हणतायत त्यांनी पावसाळ्यात ती भिंतीला टेकवून ठेवू नये, आपल्या गोव्याच्या दमट हवेत शाफ्ट (क्यूचा पुढचा बारीक भाग) वाकतो, केसमध्येच ठेवा.