किरणोत्सर्गात ‘किरण’ आले कुठून?

एक शंका. युरेनियमसारख्या पदार्थातून निघणारे अल्फा आणि बीटा हे चक्क कण आहेत, मग सगळ्या प्रकाराला किरणोत्सर्ग का म्हणतात, कणोत्सर्ग का नाही? मुलीने अभ्यास करताना विचारलं आणि मी गप्प. आणि काही ठिकाणी किरणोत्सार लिहितात, ते वेगळं आहे का काही?

—

नाव पडलं तेव्हा कण आहेत हे माहीतच कुठे होतं कुणाला! फ्रेंच शास्त्रज्ञ बेक्वेरेलला १८९६ साली एवढंच दिसलं की युरेनियमच्या क्षारातून काहीतरी निघतंय आणि काळ्या कागदात गुंडाळलेली फोटोची काच काळी पडतेय, आदल्याच वर्षी एक्स-रे सापडलेले, त्यामुळे जो तो किरणच म्हणायचा. रेडिओअ‍ॅक्टिव्हिटी शब्द क्युरी दांपत्याचा, १८९८चा, त्यातला रेडिओ म्हणजेही लॅटिनमधला किरण. आपण इमानदारीत भाषांतर केलं, चुकीसकट :) आणि कणोत्सर्ग केलं तर तिसरा प्रकार, बिचारा गॅमा, बाहेर राहील, तो खरोखरचा किरण आहे.

—

अल्फा-बीटा ही नावंही तशीच हो. रुदरफोर्डने १८९९ मध्ये फक्त कोण किती आरपार जातो ते बघून पहिली दोन ग्रीक अक्षरं लावून टाकली. अल्फा साध्या कागदाने अडतो, बीटाला काही मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियम लागतं. अल्फा म्हणजे विद्युतभार असलेला हेलियम हे पक्कं व्हायला पुढे दहा वर्षं गेली; हेलियमचं केंद्रक (अणूचा गाभा), दोन प्रोटॉन दोन न्यूट्रॉन, हे तर त्याहून नंतर कळलं.

—

उत्सार आलाय सृ धातूवरून, सरणे-सारणे मधला. उत्सर्ग सृज् वरून. वापरात अर्थ एकच धरतात, पण मला उत्सर्ग नको वाटतो, मलोत्सर्ग आठवतो. शिवाय त्यातून असं वाटतं की आत साठलेलं काहीतरी बाहेर टाकलं. अल्फाला हे ठीक आहे, त्याचे प्रोटॉन-न्यूट्रॉन आधीपासून केंद्रकातच असतात. पण बीटाचा इलेक्ट्रॉन केंद्रकात नसतोच मुळी! न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो त्या क्षणी तो तयार होतो, सोबत अँटीन्यूट्रिनो नावाचा एक विद्युतभार नसलेला कण. मग ‘बाहेर पडतो’ तरी कसं म्हणायचं?

—

अहो मग उत्सर्गच बरोबर की! सृज् म्हणजे सोडणे आणि निर्माण करणे, दोन्ही. सृष्टी, सर्जन त्यातलेच. ज्याने शब्द घडवला त्याच्या डोक्यात बीटा असेल असं अजिबात नाही, पण चपखल बसलाय.

—

हे आवडलं. मला त्यापेक्षा केंद्रकाच्या या बदलाला ‘क्षय’ म्हणतात ते खटकतं. क्षय म्हटलं की झिजून संपणं, इथे युरेनियम-२३८ अल्फा सोडून थोरियम-२३४ होतं, संपत काहीच नाही, नाव बदलून पुढचा संसार सुरू.

—

मुलीला सृज् सांगितलं. आता विचारतेय की मग विसर्जनात पण तेच आहे का. आहे ना?

—

आहे. वि + सृज्.